दोन्ही काठांना भिंती, मधून भरतीची नदी: समुद्र चढला तर खारफुटीनं सरकायचं कुठं?

ओहोटीरेषा

नमस्कार. शहरातून वाहणाऱ्या, भरती-ओहोटी लागणाऱ्या नदीच्या ४ किमी काठाचा आराखडा समोर आहे. पुढची ७५ वर्षं धरून त्यावर तांत्रिक मत हवं आहे. खालच्या सगळ्या पातळ्या स्थानिक मध्य समुद्रपातळी शून्य धरून, मीटरमध्ये.

उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी) सरासरी भरती +१.७, भांगाची (अष्टमीच्या सुमाराची लहान) +०.७. डाव्या काठाला उभी काँक्रीट भिंत, माथा +२.६. उजव्या काठाला १:२ उताराचं दगडी पिचिंग (काठावर बसवलेलं दगडांचं अस्तर) आणि वर रस्ता. एका वळणावर पिचिंगच्या पुढे खारफुटीचा ६०० मी लांब, ४० मी रुंद पट्टा उरला आहे. नदीकडच्या कडेला जमीन +०.२, पिचिंगच्या पायथ्याशी +१.३. रस्त्यापलीकडे जुना बांध घालून भरतीपासून तोडलेली ६ हेक्टर पडीक जमीन आहे, तिची पातळी ०.० ते +०.५. अजून वरच्या अंगाला, पाणी जवळजवळ गोडं होतं तिथं, बोरू-लव्हाळ्याचं एक बेट.

आराखड्यात भिंत १ मी उंच करायची आहे. 'निसर्गासाठी' म्हणून तीन गोष्टी सुचवल्या आहेत:
अ) खारफुटीच्या पुढच्या चिखलात रोपं लावून पट्टा २० मी रुंद करणं.
ब) उभ्या भिंतीवर खाचा-भोकांच्या काँक्रीट टाइल.
क) त्या ६ हेक्टरात दोन ९०० मिमी पाइप टाकून भरती आत घेणं.

पैसे एकाच गोष्टीला पुरले तर कुठली? आणि त्याआधी मोजमाप काय काय लागेल?

---

तिवरवन

'अ' ला पैसे घालू नका. 'क' करा, पण पाइपचा बेत बदलून. 'ब' वाईट नाही, पण त्यानं खारफुटीचा प्रश्न सुटत नाही, तो वेगळ्या जिवांसाठी आहे.

आधी तुमच्याच आकड्यांवरून हिशोब. ४० मीटरात जमीन १.१ मी चढते, म्हणजे उतार साधारण १:३६. समुद्र अर्धा मीटर चढला आणि गाळ अजिबात साचला नाही, तर झाडांची खालची हद्द १८ मी आत सरकते. वरची हद्द मात्र पिचिंगला टेकलेली आहे, ती सरकू शकत नाही. उरला पट्टा २२ मी. समुद्र पुरा एक मीटर चढला तर उरतात जेमतेम ४ मी, म्हणजे झाडांची एक रांग. डाव्या काठाला उभी भिंत असल्यामुळे तिथं हा हिशोब मांडण्याचीही गरज नाही. किनारी अधिवास भिंत आणि चढतं पाणी यांच्यात चेपला जातो तो असा.

गाळ साचतो तेव्हा चित्र बदलतं. वर्षाला ४ मिमी साचला तर ७५ वर्षांत ३० सेंमी. समुद्र तेवढ्या काळात ६० सेंमी चढला तर निव्वळ तूट ३० सेंमी, म्हणजे ११ मी रुंदी गेली. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या) २०२१ च्या अहवालानुसार २००६ ते २०१८ या काळात जागतिक सरासरी वेग वर्षाला ३.७ मिमी होता आणि मधल्या उत्सर्जन-मार्गावर २१०० पर्यंतची वाढ १९९५-२०१४ च्या तुलनेत ०.४४ ते ०.७६ मी आहे. त्यामुळे ६० सेंमी हा घाबरवायला घेतलेला आकडा नव्हे.

खारफुटी 'आपोआप वर चढते' हे खरं, पण त्याला मर्यादा आहे. गेल्या १०,००० वर्षांच्या गाळनोंदींचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला जागतिक अभ्यास सांगतो की सापेक्ष समुद्रपातळी वर्षाला ६ मिमीच्या वर चढू लागली की खारफुटीला जमीन सतत उंचावत ठेवणं बहुतेक ठिकाणी जमलेलं नाही. सापेक्ष म्हणजे समुद्राचं चढणं अधिक जमिनीचं खचणं. भराव घातलेल्या आणि भूजल उपसलेल्या शहरी काठावर दुसरा भाग पहिल्यापेक्षा मोठा असू शकतो.

आता 'अ' का नको. नवं रोप साधारण ३० टक्के वेळेपेक्षा जास्त पाण्याखाली राहिलं की तगत नाही. तुमच्या भरतीच्या पल्ल्यात ही पातळी +०.६ ते +०.७ च्या आसपास येते. पुढचा चिखल +०.२ च्याही खाली, म्हणजे जवळपास निम्मा वेळ बुडालेला. तिथं रोपं पहिले काही महिने हिरवी दिसतात, फोटो होतात. मग खोडांवर बार्नॅकल (घट्ट चिकटून बसणारे कवचाचे जीव) बसतात, शेवाळ आणि प्लास्टिक अडकून रोप आडवं होतं, लाटेनं मुळाभोवतीचा गाळ धुतला जातो. शिवाय तो उघडा चिखल ओसाड नाही. ओहोटीला तिथंच पक्षी चरतात. एक अधिवास मोडून दुसरा न उगवणारा लावायचा, असा तो व्यवहार आहे.

कोणी म्हणेल की कडेला +०.२ वर मोठी झाडं उभी आहेतच की. मोठं झाड जिथं तगून राहतं तिथं रोप रुजतंच असं नाही. एकदा जाऊन बघा: कडेच्या झाडांखाली गुडघ्याएवढी पोरं आहेत का? नसतील तर ती कड आत्ताच भूतकाळावर जगते आहे आणि मोठी झाडं पडली की तिथं काहीच येणार नाही.

---

गाळमाप्या

मोजमापाबद्दल. सगळ्यात जास्त घोटाळे डेटममध्ये, म्हणजे पातळी मोजायचं शून्य कुठं धरलं त्यात, होतात. बंदराचे भरती-तक्ते चार्ट डेटमवर, सर्व्हेचे बेंचमार्क (पातळी ठरवून दिलेल्या पक्क्या खुणा) राष्ट्रीय डेटमवर, आणि भिंतीचं ड्रॉइंग तिसऱ्याच कुठल्यातरी 'साइट शून्या'वर. तिन्हींमधला फरक सहज मीटरभर असतो आणि खारफुटीची संपूर्ण दुनिया दीड मीटरात मावते. तुमचे +१.७ आणि +०.७ कुठून आले? बंदराच्या तक्त्यातून उचलले असतील तर ते नदीत वर लागू होत नाहीत. नदी अरुंद होते तशी भरती चढू शकते, उथळ होते तशी मरते, आणि ओहोटीचा तळ नदीच्या प्रवाहामुळे उचलला जातो.

म्हणून पहिलं काम: जागेवरच दाबावर चालणारा जलपातळी लॉगर (आपोआप नोंद ठेवणारं यंत्र). नोंद दर १० मिनिटांनी, किमान २९ दिवस म्हणजे पुरं चांद्रचक्र, आणि शक्य तर वर्षभर, म्हणजे पुराचे दिवसही सापडतात. हवेच्या दाबाची वजावट विसरू नका: १ हेक्टोपास्कलला साधारण १ सेंमी पाणी. दुसरा लॉगर जवळच्या इमारतीत कोरडा ठेवला की झालं.

एका वर्षाच्या नोंदीवरून 'समुद्र चढतोय' असा कल मात्र काढू नका. चंद्राच्या १८.६ वर्षांच्या चक्रात मुख्य अर्धदैनिक भरतीचा पल्ला सुमारे ३.७ टक्क्यांनी वरखाली होतो. दीड मीटरच्या आयामावर ते साडेपाच सेंमी झाले, म्हणजे दहा-पंधरा वर्षांची समुद्रवाढ एका दिशेला लपवायला किंवा दुप्पट दाखवायला पुरेसे. कल जवळच्या जुन्या भरतीमापकाच्या ४०-५० वर्षांच्या नोंदीवरून घ्या, आणि तो मापक ज्या धक्क्यावर बसवलाय तो धक्का खचतोय का तेही विचारा.

दुसरं काम: दर ५० मीटरला आडवे छेद. उघड्यावर आरटीके जीपीएस (अचूक सर्व्हेचं जीपीएस) २-३ सेंमीत काम करतं. दाट पानाखाली उपग्रहांवरची अचूक पकड (फिक्स) सुटते आणि यंत्र तरी आकडा देत राहतं, तिथं ऑटो लेव्हलची दुर्बीण आणि मोजपट्टीचा स्टाफच बरा. विमानातून केलेलं लिडार (लेझरनं उंची मोजणं) झाडोऱ्यात जमीन १०-३० सेंमी उंच दाखवतं. ही चूक नेमकी 'अजून बराच वाव आहे' या बाजूची असते, म्हणून घातक.

तिसरं: पट्टा खरंच वर चढतोय का. त्यासाठी रॉड सरफेस इलेव्हेशन टेबल, म्हणजे खोल ठोकलेल्या रॉडवरून जमिनीची पातळी मिलिमीटरमध्ये मोजणारं साधन. १५ मिमीचे स्टेनलेस रॉड एकाला एक जोडत, पुढे जाईनात तोवर ठोकायचे, मऊ गाळात १०-२५ मी सहज लागतात. वर आडवा हात बसतो, त्यात ९ पिना, चार दिशांना, म्हणजे दर वेळी ३६ वाचनं. शेजारी ५० × ५० सेंमीच्या तुकड्यांवर फेल्डस्पार खनिजाची पांढरी पूड, जाडी सेंमीच्या आत. पुढे त्यावर किती गाळ चढला ते छोटी कोअर (गाळाचा उभा नमुना) काढून बघायचं. पुडीवर ५ मिमी साचलं आणि टेबल २ मिमीच दाखवतंय, तर ३ मिमी वरचा थर खाली दबला. नुसती पूड टाकून 'वर्षाला ५ मिमी वाढ' सांगणारे अहवाल बरेच दिसतात, ते अर्धसत्य. तीन वर्षांच्या आत निष्कर्ष नको. फळ्यांचा मचाण आधी घाला, नाहीतर वाचणाऱ्याच्या पायांनीच जमीन दबते.

तीन वर्षं थांबायला वेळ नसेल तर गाळाचा ढोबळ अंदाज असा. भरतीच्या पाण्यात ३० मिग्रॅ प्रति लिटर गाळ, पट्ट्यावर सरासरी ३० सेंमी पाणी, त्यातला ३० टक्के गाळ बसतो, वर्षात ४०० वेळा पाणी चढतं: चौरस मीटरला साधारण १.१ किलो. कोरडी घनता ५०० किलो प्रति घनमीटर धरली तर २.२ मिमी. तेवढ्यानं भागत नाही. ६० मिग्रॅ असेल तर ४ मिमीच्या वर. म्हणून पहिल्या महिन्यातच पाण्याचे नमुने घ्या. मात्र ते चढत्या भरतीला आणि उधाणाच्या दिवशी घ्या. भांगाच्या शांत दुपारी भरलेल्या बाटल्यांवरून नदी उगाच निवळ वाटते.

---

शीटपाइल

भिंतीच्या बाजूनं थोडं.

जुनी भिंत सरळ १ मी उंच करता येईल असं गृहीत धरू नका. वाढीव पाण्याचा दाब समोरून येतो, तेव्हा मागची माती आधार देते. खरी अडचण ओहोटीला होते. मागची माती भिजलेली, पुढे पाणी नाही, वीप होल (भिंतीतली निचऱ्याची भोकं) गाळानं बुजलेली, आणि वरून एक मीटर जादा भराव. अशा वेळी भिंत नदीकडे कलते. त्यात पायथ्याचा चिखल बोटींच्या लाटांनी खरवडला गेला असेल तर उरलासुरला पुढचा आधारही जातो. म्हणजे पायथ्याशी गाळ टिकवणं ही भिंतीचीही गरज आहे. वित्त विभागाला समजावताना मासे-पक्षी बाजूला ठेवून हा मुद्दा आधी मांडा.

भिंत मागे नेता येत नसेल तर पायऱ्या. लंडनमध्ये ग्रिनिच द्वीपकल्पावर जुनी भिंत कापून खाली घेतली आणि मागे नवी बांधून मधल्या जागेत भरतीची गवतं लावली. पद्धत तीच: नवी संरक्षक भिंत ८-१० मी मागे, जुनीचा माथा भांगाच्या भरतीच्या आसपास कापायचा, म्हणजे तुमच्याकडे +०.७, आणि मधे भराव. उतार १:७ पेक्षा चपटा ठेवा. जुन्या भिंतीच्या आतून जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी सोडणारं कापड) लावा, नाहीतर सांध्यांमधून भराव पाझरून जातो आणि वर्षभरात खड्डे पडतात.

बिघडतं ते बहुतेक निचऱ्यात. जुन्या भिंतीत खाचा ठेवल्या नाहीत तर पायरीचा हौद होतो. पाणी साचून मुळं सडतात, आणि ओहोटीला मासे अडकून मरतात. दर १०-१५ मीटरला पायरीच्या तळापर्यंत जाणारी खाच हवी. तिथं कचरा अडकणारच, तर काढायला माणूस उतरेल अशी शिडी आणि हूक ड्रॉइंगमध्येच दाखवा. भराव पहिल्या दोन वर्षांत १०-२० सेंमी बसतो, तेवढा आधीच उंच भरा.

टाइलबद्दल: १५ ते ५० मिमी खोलीच्या खाचा, काही वाडगे ओहोटीला पाणी धरून ठेवतील असे. सावलीच्या खोबणीत जास्त जीव बसतात. साध्या सिमेंटचा पृष्ठभाग सुरुवातीला फार अल्कली असतो, स्लॅग (पोलाद कारखान्यातली भट्टीची मळी) मिसळलेलं सिमेंट वापरलं तर वस्ती लवकर होते. सिअॅटलची समुद्रभिंत २०१७ मध्ये नव्यानं पुरी झाली, तिच्यात खडबडीत पृष्ठभाग आहेच, शिवाय पायथ्याशी उथळ ओटा आणि वरच्या पदपथात प्रकाश खाली सोडणाऱ्या काचा आहेत. त्या काचांचं कारण लक्षात घ्या: लहान सॅमन मासे काठाकाठानं जातात आणि गडद सावलीत शिरायला कचरतात. तुमच्या आराखड्यात नदीवर झुकलेला पदपथ असेल तर टाइल लावून वर अंधार करणं म्हणजे एका हातानं देऊन दुसऱ्यानं काढून घेणं.

आणि टाइल आजच्या भरतीच्या पट्ट्यातच लावतात. समुद्र ४० सेंमी चढला की खालची ओळ कायम बुडालेली आणि वर कोरी भिंत. वरच्या दोन ओळींचे अँकर आत्ताच बसवून ठेवा, टाइल नंतर चढवता येतात.

---

उघाडी

'क' वर. दोन ९०० मिमीच्या पाइपांची क्षमता कमी पडत नाही. एकूण क्षेत्र १.२७ चौमी, उधाणाला हवं तेवढं पाणी त्यातून आत जाईल. चूक आहे त्यांच्या पातळीत. तळाशी टाकलेला उघडा पाइप प्रत्येक भरतीला पाणी आत घेतो, भांगाच्या सुद्धा, आणि तोच पाइप बाहेर सोडतो म्हणून ओहोटीला उशीर होतो. आत जमीन ०.० ते +०.५, म्हणजे बाहेरच्या पट्ट्याच्या वरच्या भागापेक्षा मीटरभर खाली. बाहेर गाळ साचत राहिला, आतली जमीन वाळून दबली, म्हणून हा फरक. अशी जमीन तळाच्या पाइपांना जोडली की निम्म्याहून जास्त वेळ पाण्याखाली. तुम्हाला मिळेल चिखलाचं तळं. बांध सरळ फोडला तरी तेच, वर कडेची धूप वेगळी.

यावर चांगला तोडगा बेल्जियममध्ये शेल्ट नदीवर वापरला आहे. लिपनब्रुक नावाच्या जागी २००६ पासून आत येण्याची वाट उंचावर आणि बाहेर जाण्याची वाट तळाशी, अशी दोन वेगळी दारं आहेत. उंच दारामुळे बाहेरची मोठी भरती आत छोटी होऊन येते, पण उधाण-भांगातला फरक शिल्लक राहतो, आणि भरतीच्या वनस्पतींना नेमका तोच लागतो.

तुमच्या आकड्यांवर ढोबळ गणित: प्रवेशाचा उंबरा +०.८, एकूण रुंदी ३ मी, म्हणजे १ मी रुंद तीन खाने. उधाणाला चार तासांत साधारण ३०,००० घनमीटर आत येतं, ६ हेक्टरवर सरासरी अर्धा मीटर. मध्यम भरतीला ८-९ हजार, म्हणजे १५ सेंमीच्या आत. भांगाला काहीच नाही. ते काही दिवस अगदी कोरडे नको असतील तर एका खान्याच्या फळ्या +०.५ पर्यंत उतरवा. उंबरा काँक्रीटचा पक्का नको, खाचेत बसणाऱ्या फळ्यांचाच हवा. दर फळी १० सेंमी. समुद्र चढेल, आतली जमीन गाळानं चढेल, तसं दर दोन-तीन वर्षांनी एखादी फळी वर-खाली.

बाहेर जायला तळाशी, सुमारे -०.५ वर, १२०० मिमीचा पाइप आणि नदीकडे झडप. ३०,००० घनमीटर सहा तासांत काढायचं तर १.४ घनमीटर प्रति सेकंद, पाइपात वेग १.२ मी प्रति सेकंद. एक पुरतो. तरी दोन टाका, कारण झडपेत एक लाकूड अडकलं की आत चोवीस तास पाणी राहतं आणि भर उन्हात पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. झडपेची बिजागरी बाजूची असेल तर कमी दाबाला उघडते, मासेही जातात. वरून टांगलेली जड लोखंडी झडप मात्र थोड्या पाण्याला हलतच नाही.

दारं लावण्याआधी तीन कामं.

माती. बांधाआडच्या जुन्या खारमातीत पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) असतं. हवा लागली की आम्ल तयार होतं, आणि पाणी परत आणलं की आम्लासोबत धातू सुटतात. जागेवरची सोपी चाचणी: मातीचा पीएच घ्या, मग ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड घालून पुन्हा घ्या. गॉगल आणि हातमोजे घालून, कारण फेस उकळतो. ३ च्या खाली गेला तर खोदलेली माती उघड्यावर ढीग करून ठेवायची नाही, आणि प्रयोगशाळेत सविस्तर तपासणी. शहरी जागा आहे, शिसं, जस्त, तेलाचे अंश हेही तपासाच. वाईट तुकडे निघाले तर तिथं खाड्या खणू नका, माती घालून झाका किंवा बाहेर ठेवा.

खाड्या. पाणी आत आणण्याआधी मुख्य नाळ (पाणी वाहण्याचा चर) आणि दोन-तीन फाटे खणून ठेवा, तळ -०.३ च्या आसपास, बाहेरच्या दाराकडे उतरता. पडीक जमिनीत यंत्रांनी दाबलेला कडक थर असतो, त्यातून पाणी मुरत नाही. नाळ नसेल तर वर पाण्याचा पातळ थर तसाच उभा राहतो. अशाच डबक्यांत डास होतात. वाहत्या, रोज रिकाम्या होणाऱ्या नाळेत होत नाहीत. परिसरातला पहिला विरोध डासांवरूनच येईल, तेव्हा निचऱ्याचा नकाशा हाताशी ठेवा.

दार बंद करायची सोय. वादळी भरती येणार असेल तर प्रवेशाचे तिन्ही खाने हातानं बंद करता आले पाहिजेत, वीज गेली तरी. कोण बंद करणार, कुठल्या पातळीच्या इशाऱ्यावर, हे कागदावर हवं. आणि 'या ६ हेक्टरमुळे शहराचा पूर ओसरेल' असं कृपया लिहू नका. ३०,००० घनमीटर म्हणजे ५०० घनमीटर प्रति सेकंदाच्या पुराचा एक मिनिट.

---

ओहोटीरेषा

खूप आभार सगळ्यांचे. +१.७ आणि +०.७ बंदराच्या तक्त्यातलेच आहेत, ते आता तात्पुरते समजतो. दोन उपप्रश्न.

१) नदीतून दर वर्षी गाळ उपसून खोल समुद्रात टाकतात. तो पट्ट्यावर पसरता येईल का?
२) वरच्या बोरूच्या बेटाबद्दल आराखड्यात एक ओळही नाही. त्याला धोका किती?

---

गाळमाप्या

१) गाळ नदीबाहेर फेकणं म्हणजे पट्ट्याचं भांडवल समुद्रात टाकणं, तेव्हा प्रश्न योग्य आहे. पण खारफुटीवर जाड थर नको. श्वसनमुळं बुजली की झाड गुदमरतं, १० सेंमीचा थर एकदम पडला तरी मोठी झाडं मरू शकतात. भरतीच्या गवताळ दलदलीवर १०-१५ सेंमी चालतं, गवत त्यातून वर येतं. तिवरांसाठी आडवळणाचा मार्ग बरा: तपासलेला गाळ पट्ट्याच्या पुढे, खालच्या अंगाला, चढत्या भरतीच्या सुरुवातीला थोडा थोडा सोडायचा. पाणीच तो पातळ करून वर नेऊन ठेवतं. किती पोचतो ते फेल्डस्पारच्या पुडीवर दिसतं. पुडी मात्र आधी टाका, नंतर टाकून तुलनेला काहीच उरत नाही.

उपसण्याचा दुसरा परिणामही बघा. नदीतली नाळ (पात्रातला खोल मार्ग) अजून खोल केली की भरती सहज वर जाते. हडसन नदीवर ऑल्बनीजवळ एकोणिसाव्या शतकापासूनच्या खोदकामामुळे भरतीचा पल्ला जवळपास दुप्पट झाला. समुद्र जागचा न हलता सुद्धा काठाच्या जिवांना पातळी बदललेली दिसते. म्हणून नाळ अजून खोल करण्याचा प्रस्ताव वेगळ्या फायलीत चालू असेल तर ती फाइल या आराखड्याशेजारी ठेवून वाचा.

---

तिवरवन

२) बेटाला धोका खारफुटीपेक्षा आधी आहे. मीठ-रेषा वर सरकते तेव्हा बोरू एकदम मरत नाही. आधी उंची कमी होते, फुलोरा येत नाही, मग कडेनं विरळ होतो. खाली मातीत वेगळंच चालतं: समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट आलं की जिवाणू ते वापरून हायड्रोजन सल्फाइड करतात, ते मुळांना विष. साचलेला सेंद्रिय थर जास्त लवकर कुजतो, आणि मुळांनी धरलेली जमीन खचते. म्हणजे वरून समुद्र चढतोय आणि खालून बेट बसतंय. तिथं क्षारतेचा लॉगर तळापाशी लावा, पृष्ठभागाजवळ नको, कारण खारं पाणी जड असतं आणि तळानं आत घुसतं. सगळ्यात वाईट आकडे उन्हाळ्याच्या शेवटी, नदीचा प्रवाह सर्वांत कमी असताना येतात, ती नोंद चुकवू नका.

बेट वाचवायला भिंत नाही, गोडं पाणी लागतं. वर धरण किंवा बंधारा असेल तर कमी पाण्याच्या महिन्यांत किमान किती विसर्ग सोडायचा, हाच खरा मुद्दा. तो काठाच्या आराखड्यात बसत नाही म्हणून कोणी बोलत नाही. जोडीला बेटाच्या वरच्या अंगाला १:३० पेक्षा चपटा एखादा काठ बांधकामापासून राखून ठेवता आला तर बोरूला सरकायला जागा मिळते.

---

शीटपाइल

@तिवरवन, चपटा काठ शहरात कोण देणार? १:३० म्हणजे अर्ध्या मीटरसाठी १५ मी. एवढ्या जागेत लोक दोन लेनचा रस्ता मागतात.

---

तिवरवन

@शीटपाइल, रस्ता उंचावर न्यावाच लागणार आहे, कारण भिंत वाढवली तरी पावसाच्या गटारांची तोंडं भरतीखाली जातायत. रस्त्याचं काम निघेल तेव्हा आतल्या बाजूला सरकवायचं, एवढंच आज आखणीत लिहून ठेवायचं. पैसे आज लागत नाहीत. गटारांच्या तोंडाखाली मात्र आजच दगडी कुंड करा, थेट पट्ट्यावर पडणाऱ्या धारेनं खारफुटीत घळ पडते आणि ती दर पावसात रुंद होत जाते.

---

ओहोटीरेषा

लॉगर पुढच्या विषुवदिनाच्या उधाणाआधी बसवायचा विचार आहे. भिंतीलाच क्लॅम्प करू?

---

गाळमाप्या

वेळ बरोबर, त्या सुमारासची उधाणं मोठी असतात. भिंतीला चालेल, पण तळाचा सेन्सर सर्वांत खालच्या ओहोटीतही ३० सेंमी पाण्यात राहिला पाहिजे, आणि गाळाच्या वर तेवढाच. छिद्रांच्या पाइपात घाला, तोंडाला तांब्याची टेप, नाहीतर दोन महिन्यांत बार्नॅकल भोकं बुजवतात आणि आलेख हळूहळू गुळगुळीत होत जातो. बसवताना, मधे आणि काढताना सेन्सरची पातळी भिंतीवरच्या खुणेवरून नव्हे, तर पक्क्या बेंचमार्कवरून लेव्हल करा. भिंत स्वतः खचत असेल तर ते तिथंच कळेल.